लिपित्सा: स्लोव्हेनियातील एका छोट्या गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांढऱ्या लिपिझानर घोड्यांमुळे जगभर पोहोचलेले लिपित्सा हे नाव मुळात एका लहान गावाचे आहे. घोड्यांविषयी भरपूर लिहिले गेले असले तरी गाव बहुधा त्या लिखाणाच्या समासातच राहते. त्यामुळे आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न गावाचे स्थान, नाव आणि इतिहास यांविषयीचे असतात. ते येथे सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने मांडले आहेत. जेथे एका उत्तराचा भाग दुसऱ्यात येतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिपित्सा नेमके कोठे आहे?

लिपित्सा हे नैऋत्य स्लोव्हेनियात, सेझाना नगरपालिकेच्या हद्दीत, क्रास नावाच्या चुनखडीच्या पठारावर वसलेले आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ४०० मीटर आहे. इटलीची सीमा गावाला अगदी लागून असून सीमेपलीकडचे पहिले गाव म्हणजे बाझोवित्सा, ज्याला इटालियन लोक बासोविझ्झा म्हणतात. एड्रियाटिक समुद्रावरचे त्रिएस्ते हे मोठे बंदर येथून दहा-बारा किलोमीटरवर आहे, तर स्वतःच्या देशाची राजधानी ल्युब्ल्याना जवळपास ८० किलोमीटर दूर आहे. हा फरक लक्षात ठेवावा, कारण गावाच्या इतिहासातील बहुतेक उलथापालथी त्रिएस्तेच्या जवळिकीमुळेच झाल्या आहेत.

स्लोव्हेनिया आणि स्लोव्हाकिया यांची गल्लत अनेकांकडून होते, म्हणून सांगतो: हे गाव स्लोव्हेनियातले, म्हणजे पूर्वीच्या युगोस्लाव्हियाच्या वायव्य टोकाचे. स्लोव्हाकियातही हे घोडे आहेत, पण त्याची हकिगत वेगळी आहे (प्रश्न १० पाहा).

२. नाव ‘लिपिका’ असे वाचायचे की ‘लिपित्सा’?

‘लिपित्सा’. स्लोव्हेन भाषा रोमन लिपीत लिहिली जाते, पण तिच्यातील ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘त्स’ असा होतो. इंग्रजीच्या सवयीने वाचल्यामुळे ‘लिपिका’ हे रूप मराठी प्रवासवर्णनांत शिरले आहे आणि ते टाळलेले बरे. इटालियनमध्ये हेच नाव दुहेरी ‘झेड’ने लिहितात आणि जुन्या ऑस्ट्रियन कागदपत्रांतही तेच रूप आढळते. घोड्यांच्या जातीचे ‘लिपिझानर’ हे नाव त्या जर्मन-इटालियन रूपावरून आले, तर गावातील लोक त्याच घोड्याला ‘लिपित्सानेत्स’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘लिपित्साचा’ एवढाच आहे.

३. नावाचा अर्थ काय? त्याचा ‘लिपी’ या शब्दाशी संबंध आहे का?

‘लिपा’ म्हणजे लिंडनचे झाड आणि ‘-इत्सा’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. म्हणून लिपित्सा म्हणजे लहानसे लिंडन. हृदयाच्या आकाराची पाने आणि सुवासिक फुले असलेल्या या झाडाला स्लोव्हेन लोकजीवनात मोठा मान आहे. गावसभा लिंडनखाली भरत असत आणि त्याचे पान आजही राष्ट्रीय चिन्हासारखे वापरले जाते. झाडांवरून गावाचे नाव पडणे आपल्याकडील पिंपळगाव, वडगाव यांइतकेच तेथेही नेहमीचे आहे.

लिपीशी थेट संबंध नाही. काही भाषाशास्त्रज्ञ मात्र स्लाव्हिक ‘लिपा’ हा शब्द ‘चिकट’ या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूकडे नेतात, त्याच धातूतून संस्कृत ‘लिप्’ आणि आपला ‘लेप’ आले. हे मत मान्य केले तरी नाते हजारो वर्षांपूर्वीचे ठरते आणि गावाला नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त झाड होते.

४. क्रास म्हणजे काय आणि तेथे नद्या का दिसत नाहीत?

भूगोलाच्या पुस्तकांत चुनखडीच्या विशिष्ट भूरूपांना ‘कार्स्ट’ म्हणतात, ती संज्ञा याच पठाराच्या नावावरून आली. क्रास हे स्लोव्हेन नाव, कार्स्ट हे त्याचे जर्मन रूप. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून किंचित आम्लयुक्त झालेले पावसाचे पाणी चुनखडी हळूहळू विरघळवते, भेगा रुंदावतात आणि पाणी पृष्ठभागावर न थांबता थेट खाली जाते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडलेला पाऊस ओढ्यांतून आणि धबधब्यांतून वाहताना दिसतो, पण क्रासवर भरपूर पाऊस पडूनही जमीन वर कोरडी राहते. खाली मात्र गुहा आणि भुयारी नद्या आहेत. रेका नावाची नदी श्कोत्स्यान येथे जमिनीत शिरते आणि सुमारे ३५ ते ४० किलोमीटरनंतर इटलीत समुद्राजवळ तिमाव्हो या नावाने पुन्हा वर येते.

वर पाणी नसल्याने क्रासवरील गावे पावसाचे पाणी दगडी टाक्यांत साठवत आणि जनावरांसाठी मातीने लिंपलेली तळी राखत. शेकडो घोड्यांना पाणी पुरवणे हा लिपित्सातील कारभाऱ्यांपुढचा कायमचा पेच होता. जमिनीत जागोजाग बशीसारखे किंवा विहिरीसारखे खोल खड्डे आहेत, त्यांना ‘दोलिना’ म्हणतात. हाही शब्द येथूनच जगाच्या भूगोलात गेला. या खड्ड्यांच्या तळाशी वाहून आलेली लाल माती साचते, आणि पठारावर पिकाऊ जमीन म्हणावी ती बहुधा तेवढीच. हिवाळ्यात ईशान्येकडून ‘बुर्या’ नावाचा थंड, झोडपणारा वारा सुटतो. जुन्या घरांच्या जाड भिंती आणि छपरांवरचे दगड त्यासाठीच आहेत.

५. अशा खडकाळ जागी घोड्यांची पैदास करण्याचा विचार कोणाला सुचला?

विचार नवा नव्हता. त्रिएस्तेच्या आखाताभोवतीच्या प्रदेशात राहणाऱ्या व्हेनेती लोकांचे घोडे प्राचीन काळीच प्रसिद्ध होते आणि ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्रॅबो याने त्यांची नोंद केली आहे. मध्ययुगात क्रासचे घोडे काटक म्हणून विकले जात. विरळ पण कसदार गवत, दगडांवर सतत चालण्याने टणक होणाऱ्या टापा आणि कडक हवामान यांमुळे येथील घोडा लहान चणीचा, पण चिवट होई असे पूर्वापार मानले गेले. माझ्या मते याहून महत्त्वाची बाब अशी की धान्याच्या शेतीला ही जमीन फारशी उपयोगाची नव्हती, त्यामुळे कुरणासाठी ती राखून ठेवणे कोणालाही महाग पडले नाही.

६. १५८० मध्ये नक्की काय घडले?

त्या वर्षी ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स दुसरा याने येथे ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या दरबारासाठी घोड्यांच्या पैदाशीचे केंद्र स्थापन केले. सम्राट फर्डिनांड पहिला याचा हा मुलगा ग्राझ येथून राज्याच्या दक्षिणेकडील प्रांतांचा कारभार पाहत असे. लिपित्साची मालमत्ता तेव्हा त्रिएस्तेच्या बिशपकडे होती. बिशपचे उन्हाळी निवासस्थान असलेली ही जागा मोडकळीस आली होती आणि आर्चड्यूकने ती करार करून घेतली. पुढच्याच वर्षापासून स्पेनहून घोडे आणण्यास सुरुवात झाली, कारण त्या काळी युरोपच्या दरबारांत स्पॅनिश घोड्याइतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कोणत्याही घोड्याला नव्हती. स्थानिक क्रास घोड्या, स्पॅनिश रक्त, नंतर इटलीतील नेपल्सचे आणि शेवटी अरबी घोडे अशा मिश्रणातून आजची जात तयार झाली.

आजही प्रत्येक नर घोड्याच्या नावाचा पहिला भाग त्याच्या मूळ पुरुषाचा असतो. प्लुतो, कोन्व्हेर्सानो, फाव्होरी, नेआपोलितानो, माएस्तोसो आणि सिग्लाव्ही असे सहा अभिजात वंश मानले जातात. यांपैकी प्लुतो डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबोर्ग जातीचा होता आणि सिग्लाव्ही अरबी. दुसरा भाग आईच्या नावावरून येतो.

७. मग हे घोडे व्हिएन्नाचे म्हणून का ओळखले जातात?

कारण केंद्राचे गिऱ्हाईक एकच होते: व्हिएन्नाचा राजदरबार. तेथील स्पॅनिश राइडिंग स्कूलमध्ये, जिच्या नावातील ‘स्पॅनिश’ हा शब्द घोड्यांच्या मुळाचा आहे, अश्वारोहणाची अभिजात कला आजही शिकवली जाते. तिचे प्रसिद्ध पांढरे दालन १७२९ ते १७३५ या काळात बांधले गेले. लिपित्साचे काम पैदास आणि संगोपनाचे, व्हिएन्नाचे काम प्रशिक्षण आणि प्रदर्शनाचे, अशी ही विभागणी होती. लोक प्रदर्शनाला येतात आणि टाळ्या तेथेच पडतात, त्यामुळे जन्मगाव मागे राहणे ओघानेच आले. आज शाळेला घोडे पुरवते ते ऑस्ट्रियातील पीबर, लिपित्सा नव्हे. हा बदल का झाला ते प्रश्न १० मध्ये दिले आहे.

८. गावातील एखादी वृद्ध व्यक्ती घर न सोडता किती राजवटींत राहिली असेल?

हा प्रश्न आम्हाला फार आवडतो, कारण त्याच्या उत्तरात प्रदेशाचा विसाव्या शतकाचा अख्खा इतिहास येतो. १९१० मध्ये लिपित्सात जन्मलेले मूल ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाचे प्रजाजन होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये इटालियन सैन्य आले आणि १९२०च्या रापालो करारानुसार हा भाग अधिकृतपणे इटलीत गेला. फॅसिस्ट राजवटीत शाळांतून स्लोव्हेन भाषा हद्दपार झाली आणि आडनावेही इटालियन वळणाची करण्यात आली. सप्टेंबर १९३० मध्ये शेजारच्या बाझोवित्सा येथे चार स्लोव्हेन फॅसिस्टविरोधकांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यांची स्मृती आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना जपली जाते.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी प्रदेशाचा ताबा घेतला. मे १९४५ मध्ये युगोस्लाव्ह सैन्य आले, आणि जूनपासून या भागावर ब्रिटिश-अमेरिकन लष्करी प्रशासन होते. पॅरिसचा शांतता करार १५ सप्टेंबर १९४७ रोजी अंमलात आल्यावर लिपित्सा युगोस्लाव्हियात गेले आणि २५ जून १९९१ रोजी स्वतंत्र झालेल्या स्लोव्हेनियात आले.

येथे एक बारकावा अनेकदा निसटतो. १९४७ मध्ये लिपित्साच्या कुंपणापलीकडे इटली नव्हती, तर ‘त्रिएस्तेचा मुक्त प्रदेश’ नावाचे एक तात्पुरते राजकीय क्षेत्र होते. त्रिएस्ते शहर आणि बाझोवित्सा १९५४ मध्ये इटलीच्या प्रशासनाखाली आले आणि इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यातील सीमाप्रश्न कायदेशीरदृष्ट्या मिटला तो १९७५च्या ओसिमो कराराने.

९. नेपोलियनने लिपित्सा जाळले होते का?

नेपोलियनने स्वतः येऊन जाळले असे म्हणता येणार नाही, पण त्याच्या युद्धांनी गावाचे मोठे नुकसान केले हे खरे. १७९७ मध्ये फ्रेंच सैन्य जवळ येताच सुमारे ३०० घोड्यांचा कळप हंगेरीतील सेकेशफेहेरवारकडे हलवण्यात आला. कळप त्याच वर्षी परतला तेव्हा इमारती उद्ध्वस्त झालेल्या होत्या. १८०५ मध्ये घोडे पुन्हा निघाले, या वेळी क्रोएशियातील जाकोवोकडे. १८०९ मध्ये तिसऱ्यांदा स्थलांतर झाले आणि हंगेरीतील मेझोहेद्येश भागातून ते १८१५ पर्यंत परतू शकले नाहीत. मधल्या काळात क्रास फ्रेंचांच्या इलिरियन प्रांतांत सामील होता.

या धावपळीत जुनी दप्तरेही नष्ट झाली. अठराव्या शतकापूर्वीच्या वंशावळींविषयी कोणी अगदी ठामपणे बोलू लागले की सावध व्हावे, ते यामुळे.

१०. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची वाटणी कशी झाली?

मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली आणि आघाडी क्रासच्या अगदी जवळ आली, म्हणून घोडे व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबर्गला आणि काही बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) क्लाद्रुबीला नेण्यात आले. युद्ध संपले तेव्हा साम्राज्यच उरले नव्हते. कळपाचा सुमारे अर्धा भाग इटलीला मिळाला आणि तो लिपित्साला परतला. ऑस्ट्रियाच्या वाट्याचे घोडे १९२० मध्ये श्टायरमार्क प्रांतातील पीबरला गेले, आणि व्हिएन्नाच्या शाळेचा घोड्यांचा पुरवठा तेव्हापासून तेथून होऊ लागला. क्लाद्रुबीला असलेले घोडे चेकोस्लोव्हाकियाने ठेवून घेतले, त्यांतून आजच्या स्लोव्हाकियातील तोपोल्चांकी केंद्राची सुरुवात झाली.

११. अमेरिकन सैन्याने दुसऱ्या महायुद्धात लिपिझानर वाचवले, ही गोष्ट खरी आहे ना?

खरी आहे, पण ती कोठून पाहतो त्यावर तिचा शेवट अवलंबून आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनांनी लिपित्साचा कळप बोहेमियाच्या पश्चिमेकडील होस्टाऊ येथे हलवला. पीबरचे घोडे तेथे आधीच आणलेले होते. एप्रिल १९४५ च्या अखेरीस सोव्हिएत सैन्य पुढे सरकत असताना तेथील जर्मन अधिकाऱ्यांनी अमेरिकनांशी संधान बांधले आणि कर्नल चार्ल्स रीड यांच्या घोडदळ तुकडीने होस्टाऊचा ताबा घेऊन घोडे बव्हेरियात नेले. व्हिएन्नाच्या शाळेचे प्रमुख अलोइस पोधाय्स्की यांनी ७ मे १९४५ रोजी जनरल पॅटन यांच्यासमोर आपले घोडे सादर करून मदत मागितली, हा प्रसंगही याच दिवसांतला.

ही गोष्ट बहुतेक वेळा येथे संपवली जाते. लिपित्सासाठी ती तेथे संपत नाही. ज्या कळपाची सुटका झाली त्यातील घोडे ऑस्ट्रियाला आणि इटलीला वाटले गेले, आणि १९४७ च्या नोव्हेंबरात लिपित्साला परत आले ते फक्त ११. घोड्यांची जात वाचली हे निर्विवाद आहे. परंतु जिच्या नावाने ती ओळखली जाते ती जागा जवळपास रिकामी झाली, आणि पुढील काळात युगोस्लाव्हियातील इतर केंद्रांतून घोडे आणून येथील कळप पुन्हा उभा करावा लागला. १९६० च्या दशकापासून केंद्र पर्यटकांसाठी खुले झाले. १९९६ मध्ये स्लोव्हेनियाने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

१२. तर लिपिझानर हा घोडा अखेर कोणत्या देशाचा?

या एका प्रश्नावर ऑस्ट्रिया, इटली आणि स्लोव्हेनिया यांच्यात बराच काळ वाद झाला. नाव आणि जन्मस्थान स्लोव्हेनियात, पैसा आणि दरबार ऑस्ट्रियाचा, तर इटलीने आपल्या वाट्याचा कळप रोमजवळच्या मोंतेरोतोंदो येथे राखलेला. शिवाय क्रोएशियात जाकोवो, हंगेरीत सिल्वाशवाराद, बोस्नियात वुचियाक आणि रोमानियातही जुनी केंद्रे आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोने लिपिझानर पैदाशीच्या परंपरांचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा प्रस्ताव आठ देशांनी मिळून मांडला होता: ऑस्ट्रिया, बोस्निया आणि हर्झेगोविना, क्रोएशिया, हंगेरी, इटली, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया. मला हे उत्तर सर्वांत न्याय्य वाटते. मात्र जन्मस्थान एकच आहे आणि त्याबद्दल वाद करण्याचे कारण नाही.

स्लोव्हेनियाने २००७ मध्ये युरो स्वीकारला तेव्हा २० सेंटच्या नाण्यावर दोन लिपिझानर कोरले. नाणे इतर युरो देशांतही चालते, त्यामुळे व्हिएन्नातल्या दुकानातही ते हातात पडू शकते.

१३. सगळे लिपिझानर पांढरे असतात का?

नाही. शिंगरू जन्मतः काळे किंवा गडद तपकिरी असते आणि साधारण सहा ते दहा वर्षांच्या वयात पूर्ण पांढरे होते. त्वचा शेवटपर्यंत गडदच राहते. काही मोजके घोडे आयुष्यभर तपकिरी राहतात, आणि व्हिएन्नाच्या शाळेत असा एक घोडा शुभ म्हणून मुद्दाम ठेवण्याची प्रथा आहे.

१४. घोडे वगळले तर लिपित्सात पाहण्यासारखे काय आहे?

गावची वस्ती अगदी थोडी आहे, त्यामुळे बाजारपेठ किंवा चौक अशी अपेक्षा ठेवू नये. परंतु परिसर निवांत पाहण्यासारखा आहे. केंद्राची जमीन तीनशे हेक्टरांहून अधिक असून पांढऱ्या कुंपणांमधून जाणारे वृक्षांचे दुतर्फा रस्ते, जुने ओक आणि उघडी कुरणे हे तिचे खरे वैभव आहे. उर्वरित क्रास शतकानुशतकांच्या तोडीने आणि चराईने उजाड झाला होता, तेथील पाइनची जंगले एकोणिसाव्या शतकापासून मुद्दाम लावलेली आहेत. लिपित्सातील ओक मात्र राखीव कुरणात असल्याने टिकले. दरबाराला पाठवलेल्या घोड्यांमागे लिंडनची झाडे लावण्याची प्रथा होती, असे येथे सांगतात.

जुन्या इमारतींत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ‘वेल्बान्त्सा’ ही कमानदार छताची पागा पाहावी. जवळच एका दोलिनेत लूर्दच्या मातेचे प्रार्थनास्थळ आहे. त्या खड्ड्यात उतरल्यावर बुर्या एकदम थांबल्यासारखा वाटतो, आणि क्रासवरील लोक शेतीसाठी दोलिनाच का निवडतात हे कोणीही न सांगता कळते. परिसरात चुनखडीच्या खाणीही आहेत. फिकट राखाडी लिपित्सा दगडाचा एक प्रकार एकसारखा असतो, तर दुसऱ्यात प्राचीन समुद्रातील शिंपल्यांचे जीवाश्म फुलांसारखे उमटलेले दिसतात.

लोकेव गावाजवळची व्हिलेनित्सा गुहा येथून जवळ आहे. १६३३ पासून ती पाहुण्यांना दाखवली जाते, म्हणून युरोपातील पहिली पर्यटन-गुहा म्हणून तिचे नाव घेतले जाते. १९८६ पासून मध्य युरोपातील लेखकांना दिला जाणारा व्हिलेनित्सा साहित्य पुरस्कार या गुहेतच प्रदान होतो.

१५. नकाशात दुसरेच लिपित्सा दिसले, ते कोणते?

लिंडनवरून पडलेली नावे स्लाव्हिक देशांत विखुरलेली आहेत (प्रश्न ३ पाहा). स्लोव्हेनियातच श्कोफ्या लोका नगरपालिकेत आणखी एक लिपित्सा आहे, आणि तिचा घोड्यांशी काही संबंध नाही. मार्ग शोधताना गावाच्या नावाबरोबर ‘सेझाना’ टाकावे.

१६. त्रिएस्तेत मुक्काम करून लिपित्साला गेल्यास भारतीय पारपत्रधारकांना वेगळा व्हिसा लागतो का?

लागत नाही. स्लोव्हेनिया १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आणि २१ डिसेंबर २००७ रोजी शेंगेन क्षेत्रात आला. इटली शेंगेनमध्ये आधीपासून आहे. त्यामुळे दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, आणि तो एकाच प्रवेशाचा असला तरी इटलीतून स्लोव्हेनियात जाऊन त्याच दिवशी परतणे ‘बाहेर पडणे’ मानले जात नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. ऑक्टोबर २०२३ पासून इटलीने स्लोव्हेनियाच्या सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली. जाताना कोणी अडवले नाही म्हणून येतानाही अडवणार नाही असे धरू नये. पारपत्र मूळ प्रतीतच जवळ बाळगावे, मोबाइलमधील छायाचित्र पुरेसे नाही. त्रिएस्तेहून रस्ता बाझोवित्सामार्गे येतो. ल्युब्ल्यानाहून रेल्वेने येणाऱ्यांना सेझाना स्थानक सोयीचे आहे, तेथून पुढचे काही किलोमीटर टॅक्सीने किंवा सायकलने जावे लागतात.